भटकंतीसाठी हातातला जीपीएस कसा निवडावा

नान्नजच्या माळरानावर पक्षी पाहायला जाणारे आणि जोडून सुट्टी आली की सह्याद्रीकडे गाडी वळवणारे, असे दोन्ही प्रकारचे भटके सोलापुरात आहेत. जीपीएस उपकरण घेताना आपण यांपैकी कोण, हे आधी ठरवावे. जागा निश्चित करण्यासाठी उपकरणाला किमान चार उपग्रहांचे संदेश लागतात, आणि माळावर आकाश चहूबाजूंनी मोकळे असल्यामुळे साधे उपकरणही काही मीटरच्या फरकाने ठिकाण दाखवते. घळीत मात्र संदेश कड्यांवर आपटून उशिरा पोहोचतात आणि चूक वाढते. तिथे उपग्रह ज्यांवर संदेश पाठवतात त्या एल१ व एल५ नावाच्या दोन्ही रेडिओ वारंवारता पकडणारे उपकरण उपयोगी पडते. केवळ माळावर फिरणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

नकाशा आधी उतरवून ठेवला असेल, तर मोबाइलचा जीपीएसही नेटवर्कशिवाय चालतो. त्यामुळे अर्ध्या दिवसाच्या फेरीसाठी वेगळे उपकरण हवेच असे नाही. परंतु आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात मोबाइल तापतो, पडदा आपोआप मंद होतो आणि नेमकी वाट पाहायची असते तेव्हा त्यात स्वतःचा चेहराच दिसतो.

म्हणून पडद्याची परीक्षा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली करू नये. दुकानदाराला विनंती करून उपकरण भर दुपारी बाहेर न्यावे, मागचा प्रकाश बंद करावा आणि नकाशावरील बारीक अक्षरे वाचून पाहावीत. उन्हाचाच प्रकाश परावर्तित करणारा पडदा असेल, तर ऊन वाढेल तसा तो अधिक स्पष्ट होतो. घामेजल्या बोटांनी बटणे दाबणे हे पडद्याला स्पर्श करण्यापेक्षा सोपे जाते, असे माझे मत आहे.

बॅटरीचे छापील तास आदर्श परिस्थितीतले असतात, ते जरा कमीच धरावेत. डबल ए सेलवर चालणारे उपकरण असल्यास सेल गावातल्या किराणा दुकानातही मिळतात. मात्र सेलचा प्रकार उपकरणात नोंदवावा लागतो, नाहीतर शिल्लक चार्ज चुकीचा दिसतो. पावसाळ्यासाठी आयपीएक्स ७ दर्जा पाहावा. त्याचा अर्थ १ मीटर पाण्यात ३० मिनिटे तग धरणे, पोहणे नव्हे. हवेच्या दाबावरून उंची सांगणारा भाग सपाट माळावर फारसा लागत नाही. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी उपकरणे भारतात सरकारी परवानगीशिवाय बाळगणे बेकायदा आहे, त्यामुळे परदेशातून कोणी भेट म्हणून आणले तरी आधी चौकशी करावी.

घेतल्यावर अक्षांश-रेखांश लिहिण्याची पद्धत तपासावी. मित्राने पाठवलेले १७.५० अंश मी एकदा १७ अंश ५० मिनिटे असे भरले. दोहोंत सुमारे ३७ किलोमीटरचे अंतर पडते, आणि उपकरण मला निमूटपणे भलत्याच दिशेला बोट दाखवत राहिले.

पहिल्यांदा चालू केल्यावर उपकरण गच्चीवर काही मिनिटे स्थिर ठेवावे, म्हणजे ते उपग्रहांची माहिती गोळा करते. मग सिद्धेश्वर तलावाच्या काठी एक खूण नोंदवून फेरफटका मारावा आणि फक्त बाणाच्या आधारे परत यावे. खूण किती पावले चुकते, हे मोजून लिहून ठेवावे. दुकानाची परत घेण्याची मुदत संपण्याआधी हे करावे.