मुलाचा पहिला डिजिटल पियानो: पैसे आधी पट्ट्यांवर

स्वस्त वाद्याच्या खोक्यावर 600 आवाज, 200 ताल आणि उजळणाऱ्या पट्ट्या ठळक छापलेल्या असतात. शिकणाऱ्या मुलाला त्यातला एकच आवाज लागतो, पियानोचा. बोटांना वळण लागतं ते पट्ट्यांमुळे. म्हणून बजेट कमी असेल तर कात्री बाकी सगळ्याला लावा, पट्ट्यांना नको.

खऱ्या पियानोत पट्टी दाबली की आतली हातोडी उडून तारेवर आदळते, आणि बोटाला जाणवणारा जडपणा त्या यंत्रणेचा असतो. डिजिटल पियानोत तार नसते, पण चांगल्या वाद्यात प्रत्येक पट्टीला जोडून एक छोटं वजन हलतं. यालाच हॅमर अ‍ॅक्शन म्हणतात. त्यात ‘ग्रेडेड’ लिहिलेलं असेल तर खर्जाच्या पट्ट्या जड आणि उजवीकडच्या हलक्या असतात, खऱ्या पियानोसारख्याच. ‘सेमी-वेटेड’ पट्टीला मुख्यतः स्प्रिंगच परत वर ढकलते. ‘पियानो-स्टाइल कीज’ हे शब्द तर बहुतेकदा पट्टीच्या आकाराबद्दल असतात, वजनाबद्दल नाही. खरेदीत सर्वात जास्त फसगत इथे होते. माहितीपत्रकात ‘हॅमर’ हा शब्द सापडला नाही, तर तो हलक्या पट्ट्यांचा साधा कीबोर्ड आहे असं धरून चाला.

दुसरी अट टच सेन्सिटिव्हिटीची. पट्टीखाली रबराचा तुकडा असतो आणि त्यात दोन संपर्कबिंदू. पट्टी खाली जाताना एक आधी टेकतो, दुसरा क्षणभराने. मधला वेळ जितका कमी तितका आवाज मोठा. म्हणजे वाद्य बोटाचा जोर मोजत नाही, पट्टीचा वेग मोजतं. ही सोय नसलेल्या वाद्यावर हळू दाबा की आपटा, आवाज एकच. मूल मग आपटायलाच शिकतं आणि शिक्षकांना पुढे ती सवय मोडत बसावं लागते. काही वाद्यांत तिसरा सेन्सर असतो. त्यामुळे पट्टी पूर्ण वर यायच्या आत पुन्हा वाजवता येते. पहिल्या दोन-तीन वर्षांत त्यावाचून काही अडत नाही.

पूर्ण पियानोला 88 पट्ट्या असतात: 52 पांढऱ्या, 36 काळ्या. सुरुवातीचे धडे मधल्या सीच्या, म्हणजे पियानोच्या साधारण मध्यावरच्या सी स्वराच्या, आसपासच फिरतात, त्यामुळे 73 पट्ट्यांवर काही वर्षं सहज निघतात. चार-पाच वर्षांचं मूल असेल आणि ते टिकेल की नाही याची खात्री नसेल, तर टच सेन्सिटिव्ह 61 पट्ट्यांच्या कीबोर्डावर पहिलं वर्ष काढता येतं. पण ती तात्पुरती सोय समजा. कीबोर्डावर वर्षानुवर्षं वाजवलेलं मूल खऱ्या पियानोसमोर बसलं की त्याच्या करंगळीतून आवाजच निघत नाही.

यामाहा पी-145, कॅसिओ सीडीपी-एस110, रोलँड एफपी-10 आणि कोर्ग बी2 ही कमी बजेटच्या डिजिटल पियानोंतली ओळखीची नावं. चौघांनाही 88 हॅमर अ‍ॅक्शन पट्ट्या आहेत. 2023 मध्ये पी-145 ने ज्याची जागा घेतली तो पी-45 जुन्या बाजारात भरपूर दिसतो, आणि नवशिक्यासाठी अजूनही चालण्यासारखा आहे. पॉलिफनी म्हणजे एका वेळी वाजू शकणाऱ्या स्वरांची संख्या. ती 64 असली की पुरे. पेडल दाबून ठेवलं की आधीचे स्वर विरत राहतात, आणि स्टिरिओ आवाजात एकेक स्वर दोन जागा अडवू शकतो. 32 पॉलिफनीवर म्हणूनच जुने स्वर मध्येच तुटतात. 128 किंवा 192 साठी जादा पैसे मोजण्याचं मात्र कारण नाही.

वाद्य बघायला जाताना साधे वायरवाले हेडफोन बरोबर न्या. रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमवणारा परिणाम, बंद करा. त्याच्या आड सगळे दोष लपतात. मग मधली एक पट्टी इतकी हळू दाबा की आवाजच येणार नाही, आणि हळूहळू जोर वाढवत न्या. आवाज पायरीपायरीने उडी न घेता वाढला पाहिजे, आणि मोठा होताना थोडा तेजही झाला पाहिजे. नंतर पेडल धरून खर्जातली एक पट्टी वाजवा आणि नुसतं ऐका. स्वर बराच वेळ सावकाश विरायला हवा. दोन-तीन सेकंदांत तो एकसुरी गुणगुण झाला तर वाद्यात साठवलेला आवाजाचा नमुना आखूड आहे. पांढरी पट्टी दोन काळ्यांच्या मधे, अगदी आतल्या टोकाला दाबूनही बघा. बारीक बांध्याच्या वाद्यांत पट्टीचा टेकू जवळ असल्याने तिथे ती फार जड लागते, आणि लहान हाताला ते लगेच जाणवतं. शेवटी व्हॉल्यूम शून्यावर नेऊन जोरात वाजवा. हेडफोन लावल्यावर घरच्यांना ऐकू येणारी ठकठक हीच. ती जमिनीतून खालच्या मजल्यावर पोहोचते, म्हणून स्टँडखाली जाड रबरी चटई घाला.

स्टँड, स्टूल, पेडल आणि हेडफोनसाठी एकूण बजेटचा साधारण पाचवा हिस्सा आधीच बाजूला काढा. हे नंतर घेऊ म्हटलं की वाद्य जेवणाच्या टेबलावर जातं, पट्ट्या मुलाच्या खांद्याशी येतात आणि मनगटं वाकतात. पट्ट्यांचा वरचा भाग जमिनीपासून 72-73 सेंमीवर असावा. एक्स आकाराचा स्टँड डुगडुगतो आणि गुडघ्यांना लागतो. झेड आकाराचा किंवा त्याच मॉडेलचा लाकडी स्टँड बरा. स्टूल उंची बदलता येणारंच घ्या. मुलाचं कोपर पट्ट्यांच्या पातळीला आलं की उंची बरोबर. तेव्हा पाय लोंबकळणारच, म्हणून खाली घट्ट बसणारा पाट ठेवा. लोंबकळत्या पायांनी पाठ सरळ राहत नाही.

वाद्याबरोबर येणारं चपटं पेडल बटणासारखं असतं आणि फरशीवर सरकत पळतं. ते बदलून पियानोच्या पेडलसारखं जड, खाली रबर असलेलं घ्या. नवं पेडल उलटं वागलं, म्हणजे सोडल्यावर स्वर लांबले, तर ते बिघडलेलं नाही. त्यावर पोलॅरिटीचं बटण असेल तर फिरवा. नसेल तर पियानो बंद करा, पेडलला पाय न लावता पुन्हा सुरू करा; अनेक वाद्यं चालू होतानाच पेडलची दिशा ओळखतात. हेडफोनही वायरचेच हवेत, कारण ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचतो आणि ताल बिघडतो. बऱ्याच पियानोंना 6.35 मिमीची मोठी खाच असते, तेव्हा 3.5 मिमीच्या पिनेला जोडणी लागेल.

वापरलेलं वाद्य घेणार असाल तर सगळ्या पट्ट्या एकेक करून, आधी हळू आणि मग जोरात वाजवा. एखादीच पट्टी अचानक ओरडली किंवा मुकी राहिली तर बहुतेकदा रबरी संपर्कात धूळ बसलेली असते. ती साफ होते, पण त्यासाठी वाद्य पूर्ण उघडावं लागतं, तेव्हा किंमत तेवढी उतरवून घ्या. एखादी पट्टी शेजारणीपेक्षा खाली बसलेली किंवा बाजूला हलणारी दिसली तर सौदा सोडा. मूळ अ‍ॅडॉप्टर मागा. दुसरा लावायचा तर व्होल्टेज आणि पिनेची प्लस-मायनस दिशा जुळलीच पाहिजे, अँपिअर मूळइतके किंवा जास्त चालतात.

घरी आणल्यावर पियानो खिडकीच्या उन्हात किंवा गादीवर ठेवू नका. काहींचे स्पीकर तळाशी असतात आणि गादी तो आवाज गिळते. मूल बरोबर पट्टी दाबतंय आणि तरी स्वर भलताच येतोय, असं झालं तर ट्रान्सपोजचं, म्हणजे सगळे स्वर वर-खाली सरकवणारं, बटण चुकून दाबलं गेलंय. बहुतेक वाद्यं बंद करून चालू केली की ते शून्यावर येतं.