बायोमधली नक्षीदार अक्षरं: कुठे चालतात, कुठे मोडतात

इन्स्टाग्रामच्या बायोत (प्रोफाइलवरच्या छोट्या ओळखीत) फॉन्ट बदलायची सोय नाही. तरीही सोलापूरच्या नवी पेठेतल्या एखाद्या दुकानाचं नाव तिथे वळणदार रोमन अक्षरांत दिसतं, कारण मुळात ती अक्षरंच वेगळी आहेत. गणितात साधा एक्स आणि ठळक एक्स यांचे अर्थ वेगळे असू शकतात. म्हणून २००१ साली युनिकोडच्या (संगणक आणि फोन वापरतात त्या जगभरच्या अक्षरांच्या सामाईक यादीच्या) ३.१ आवृत्तीत ठळक, तिरपी, वळणदार, दुहेरी रेघांची रोमन आणि ग्रीक अक्षरं स्वतंत्र चिन्हं म्हणून घेतली गेली. 'फॅन्सी टेक्स्ट'च्या वेबसाइट तुम्ही टाइप केलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी यातलं एकेक चिन्ह ठेवून देतात, एवढंच.

करायचं कसं, ते सोपं आहे. अशी एखादी साइट ब्राउझरमध्ये उघडा, रोमनमध्ये शब्द लिहा, आवडलेली ओळ कॉपी करा, एडिट प्रोफाइलमध्ये बायोच्या रकान्यात पेस्ट करून सेव्ह करा. यासाठी वेगळा कीबोर्ड ॲप टाकू नका. कीबोर्डच्या हातून तुमचा प्रत्येक मेसेज आणि पासवर्ड जातो, दोन ओळींच्या सजावटीसाठी ती जोखीम नको.

शैली निवडताना मात्र नीट बघा. रोमनमध्ये 'सोलापूर' हा शब्द काळ्या चौकटीतल्या मोठ्या अक्षरांत लिहून पाहा. बऱ्याच फोनांवर ओ, ए आणि पी ही तीन अक्षरं रंगीत होतात आणि बाकीची काळीच राहतात. कारण चौकटीतली ए, बी, ओ, पी ही चार अक्षरं इमोजी म्हणूनही नोंदलेली आहेत (रक्तगट आणि पार्किंगची खूण). बारीक वळणदार शैलीत अडचण छोट्या 'ओ'ची. तो त्या संचात नाही, युनिकोडच्या जुन्या संचातून आणावा लागतो, त्यामुळे कधी जाड तर कधी भलत्याच उंचीवर दिसतो. साध्या तिरप्या शैलीत 'चादर' लिहिलीत तर त्यातला 'एच' खरं तर भौतिकशास्त्रातला प्लांकचा स्थिरांक असतो! ते चिन्ह आधीपासून होतं, म्हणून पुन्हा घेतलं नाही. ठळक वळणदार आणि ठळक तिरपी या दोन शैलींत अशी भोकं नाहीत. त्याच घ्या. फक्त या शैलींत आकडे नसतात, ते साधेच राहतात.

आता आपल्या लिपीचं. देवनागरीला अशी नक्षीदार अक्षरं युनिकोडमध्ये नाहीत. सोलापुरात ज्या कन्नड आणि तेलुगू पाट्या दिसतात, त्या लिप्यांनाही नाहीत. म्हणून 'शेंगा चटणी' असं लिहून कितीही शैली निवडल्या तरी मजकूर आहे तसाच परत येतो. अधोरेखित किंवा खोडलेल्या मजकुराची शैली तेवढी लागू होते, आणि तीच घात करते. ती प्रत्येक चिन्हानंतर एक रेघ घुसवते, म्हणजे 'श' आणि त्याची मात्रा यांच्या मध्येही. मात्रा अक्षरापासून तुटते आणि तिच्याखाली ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. मराठीवर ही शैली वापरूच नका.

मराठी बायो सजते ती मांडणीने. उदाहरणार्थ:

॥ सोलापुरी चादर व टॉवेल ॥
❖ जेकार्ड चादर, टेरी टॉवेल
❖ होलसेल व रिटेल
नवी पेठ, सोलापूर

इन्स्टाग्रामच्या बायोला १५० चिन्हांची मर्यादा आहे. वरचा मजकूर ओळी तोडण्यासकट ८६ चिन्हांत बसतो. मोजताना काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगवेगळं धरा. ओळ मध्यावर आणायला मोकळ्या जागा भरू नका, दुसऱ्या रुंदीच्या स्क्रीनवर ती वाकडी होते. एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) हिशेब आणखी वेगळा: तिथे नक्षीदार रोमन अक्षर दोन चिन्हांचं धरतात. रोमन 'सोलापूर'ची सात अक्षरं चौदा होतात, तर देवनागरीतली 'शेंगा चटणी' दहातच बसते.

काही जागी सजावट अजिबात नको. फोन नंबर नक्षीदार आकड्यांत लिहिला तर बोट लावून कॉल लागत नाही. लिंक आणि ईमेलचंही तेच. इन्स्टाग्रामचा शोध 'नाव' या रकान्यात बघतो, म्हणून तिथे 'सोलापुरी चादर' साध्या अक्षरांतच असू द्या. हे नाव १४ दिवसांत दोनदाच बदलता येतं. युजरनेममध्ये तर साधी रोमन अक्षरं, आकडे, टिंब आणि अंडरस्कोअर यापलीकडे काही चालतच नाही. फेसबुकच्या नियमांत वैयक्तिक नावात चिन्हं बसत नाहीत आणि बदललेलं नाव ६० दिवस तसंच ठेवावं लागतं.

व्हॉट्सॲपवर या उसनवारीची गरजच नाही. तिथली ठळक अक्षरं खरी असतात आणि मराठीला लागू होतात. गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत ऑफर पाठवायची असेल तर शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारका लावा: *आजपासून सवलत*. तारका आणि अक्षर यांच्यात जागा सोडली की ठळक होत नाही, नुसत्या तारका दिसतात. प्रत्येक ओळीला वेगळी जोडी लावा आणि 'चादरीवर'सारखा शब्द प्रत्ययासकट पूर्ण आत घ्या. तिरप्यासाठी अंडरस्कोअर, खोडण्यासाठी लाटेसारखी रेघ (~). जुना भाव खोडून नवा ठळक दाखवायला हे फार उपयोगी पडतं.

फ्लेक्सवाल्याकडून आलेला मजकूर पेस्ट करून रोमन अक्षरांचा गोंधळ झाला असेल, तर तो श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये असणार. त्यात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात, फॉन्ट गेला की आकारही गेले. तो मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा. खास सुलेखन हवंच असेल तर चित्र म्हणून पोस्ट करा आणि ऑल्ट टेक्स्टमध्ये (चित्राला जोडलेल्या लेखी वर्णनात) तेच शब्द लिहा.

हे ऑल्ट टेक्स्ट टाळू नका. ज्यांना दिसत नाही त्यांना फोन मजकूर वाचून दाखवतो. नक्षीदार अक्षरं आली की तो एकेका अक्षराला 'गणिती ठळक' वगैरे म्हणत सुटतो किंवा शब्द गाळूनच टाकतो. अँड्रॉइडच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये टॉकबॅक (ही वाचून दाखवणारी सोय) सुरू करून आपली बायो एकदा ऐका. मग एक-दोन शब्दांपलीकडे नक्षी ठेवावीशी वाटणार नाही.

शेवटी बायो दुसऱ्याच्या फोनवर, शक्यतो पाच-सहा वर्षं जुन्या अँड्रॉइडवर, उघडून बघा. नावाच्या दोन्ही बाजूंना लावतात ती पंखासारखी चिन्हं जावानी लिपीतली आहेत. त्या लिपीचा फॉन्ट फोनमध्ये नसेल तर तिथे रिकामे चौकोन दिसतात. चौकोन दिसला की ते चिन्ह काढा आणि त्या जागी ॥ किंवा ★ टाका.