शेतातला मातीचा बंधारा कसा तपासावा?

२०२१चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटरमधली काही धरणंही त्यात येतात. ओढ्यावर स्वखर्चाने घातलेला चार-पाच मीटरचा मातीचा बंधारा त्यात बसत नाही. त्याची पाहणी मालकानेच करायची.

१. मे महिन्यात सांडव्यापासून, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर जायच्या वाटेपासून, सुरुवात करा. मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागलं की तो बघता बघता कापला जातो, म्हणून पुराला वाट मोकळी हवी. झुडपं, गाळ, मासे धरायची जाळी काढा. जास्त पाणी साठावं म्हणून सांडव्यात वाळूची पोती रचणारे पुष्कळ आहेत. असं वाढवलेलं फूटभर पाणी पुरासाठी राखलेल्या जागेतूनच आलेलं असतं. पोती काढाच.

२. माथ्याची पातळी पाहा. गवंड्याची पाण्याची नळी पुरते. भराव बसतो, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडतात, आणि पाणी सर्वांत खोलगट जागेवरूनच ओलांडतं. माथा सांडव्यापेक्षा साधारण मीटरभर उंच असावा. खोलगट भाग खरवडून ओलसर माती वीतभर थरांत टाका आणि धुम्मसाने ठोका. कोरडी माती नुसती ओतणं म्हणजे मजुरी वाया.

३. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडणारच. वरवरच्या सोडून द्या. पाण्याच्या बाजूकडून कोरड्या बाजूकडे जाणारी भेग मात्र खणून पाहा. आधी तीत चुन्याचं पाणी ओता, पांढऱ्या खुणेवरून खोली कळते.

४. हराळी राहू द्या. बाभूळ, सुबाभूळ रोप असतानाच उपटा. मोठं झाड असेल तर पाणी आटल्यावरच मुळांसकट काढून खड्डा ठोकून भरा. घुशी-खेकड्यांची बिळंही बुजवा. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९च्या रात्री फुटलं, तेव्हा त्या वेळच्या मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं आणि राज्यभर थट्टा झाली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या, ही खरी गोष्ट.

५. तळं भरल्यावर कोरड्या बाजूच्या पायथ्याने रोज चाला. पाईप किंवा मोरी बाहेर पडते तिथे जास्त वेळ थांबा. मातीच्या बंधाऱ्याला पाझर असतोच, त्याला घाबरायचं कारण नाही. बघायचा तो रंग. पाझराचं पाणी पारदर्शक बाटलीत भरून तासभर ठेवा. तळाशी माती बसली तर पाणी भराव आतून पोखरतंय. बादली भरायला किती वेळ लागतो तेही वहीत लिहा. तळ्यातली पातळी तेवढीच असून बादली लवकर भरू लागली, तर पाणी स्वच्छ असलं तरी पाटबंधारे किंवा जलसंधारण खात्यातल्या जाणत्या माणसाला दाखवा.

६. पाणी गढूळ येऊ लागलं तर ते तोंड चिखलाने बुजवू नका. पाणी दुसरीकडून फुटतं. त्यावर आधी जाड वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी असे थर द्या. पाणी निघेल, माती अडेल. सोबत पंप लावून पातळी उतरवा. एरवी मात्र तळं एकदम उपसू नये, आतला ओला उतार घसरतो.

धार वाढतच राहिली किंवा माथा खचू लागला, तर भरावावर कुणालाही उभं राहू देऊ नका. ओढ्याकाठच्या वस्तीला आधी उठवा, मग पोलीस पाटील, तलाठी आणि ११२ला फोन करा. वस्तीतले नंबर पावसाळ्याआधीच मोबाइलमध्ये भरून ठेवलेले असावेत.