लुइस हाइनचे बालमजुरांचे फोटो वापरताना या चुका टाळा

बालमजुरीवरच्या लेखाला अमेरिकन छायाचित्रकार लुइस हाइनचा फोटो लावायचा आणि त्याखालची मूळ फोटोओळ मात्र गाळायची, ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त दिसणारी चूक. हाइनने 1908 पासून अमेरिकेतल्या बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या नॅशनल चाइल्ड लेबर कमिटीसाठी (एनसीएलसी) हे फोटो काढले ते पुरावा म्हणून. गिरणीत शिरायला तो कधी अग्निशमन निरीक्षक व्हायचा, कधी बायबल विक्रेता. मुलाची उंची तो आपल्या कोटाच्या बटणांवरून मापायचा आणि खिशातल्या खिशात टिपून घ्यायचा. नॉर्थ कॅरोलिनातल्या व्हिटनेल गिरणीतल्या मुलीच्या फोटोखाली म्हणूनच एवढे सापडते: उंची 51 इंच, कामावर एक वर्ष, कधीकधी रात्रपाळी, चार बाजू सांभाळते, रोज 48 सेंट. साच्याला, म्हणजे सूतकताईच्या यंत्राला, दोन बाजू असतात. म्हणजे सव्वाचार फुटांची पोर दोन साच्यांइतके काम बघत होती. हे सगळे टाकून नुसते ‘हरवलेले बालपण’ लिहिणे हा निव्वळ आळस आहे.

ओळ हरवली की काय होते, ते ॲडी कार्ड या गिरणीतल्या मुलीच्या बाबतीत दिसले. व्हरमाँटमधल्या नॉर्थ पाउनलच्या कापड गिरणीतला हा फोटो ऑगस्ट 1910 चा. गिरणीतल्या मुली तिला दहा वर्षांची सांगतात, ती स्वतः बारा म्हणते, हे दोन्ही हाइनने नोंदवले आहे. पुढे हा फोटो गाजला, पण तिचे आडनाव ‘लेअर्ड’ असे चुकीचेच फिरत राहिले. 1998 मध्ये तो अमेरिकेच्या टपाल तिकिटावर आला. नंतर संशोधकांनी जनगणनेच्या नोंदी धुंडाळल्या, तेव्हा खरे आडनाव पक्के झाले आणि कळले की ती नव्वदी ओलांडून 1993 मध्ये वारली होती. तिकिटाचा तिला पत्ताच लागला नाही. म्हणून वय लिहिताना ते कोणी सांगितले, हेही लिहा.

काळाची चूक तर अक्षम्य. इंग्लंडमधल्या 1833 च्या कारखाना कायद्यावरच्या मजकुराला फोटो कुठून आणणार? फोटोग्राफी जगापुढे आली 1839 मध्ये. 1842 च्या खाणकामगार मुलांच्या अहवालातही रेखाचित्रेच आहेत, ती वापरा. हाइनच्या फोटोतली पेनसिल्व्हेनियात कोळशातून दगड वेचणारी पोरे 1911 ची आहेत, त्यांना तिथे बसवू नका. मुंबईच्या गिरण्यांवरच्या लेखालाही हाइन नको. त्यापेक्षा 1881 च्या कायद्यातले आकडे द्या: सात वर्षांखालील मुलांना बंदी, सात ते बारा वर्षांच्यांना रोज नऊ तासांची मर्यादा.

‘नकळत टिपलेले क्षण’ म्हणू नका. कॅमेरा 5 बाय 7 इंचांचा, काचेच्या प्लेटा, अंधारात मॅग्नेशियमची भुकटी पेटवायची; मूल समोर बघत उभे असते.

चेहऱ्यापुरता फोटो कापू नका, शेजारच्या यंत्रामुळेच उंची कळते.

रंग भरू नका.

‘फोटो छापले आणि बालमजुरी थांबली’ हेही खोटे. बालमजुरीविरुद्धचा अमेरिकेचा 1916 चा केंद्रीय कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1918 मध्ये रद्द केला. टिकणारा कायदा यायला 1938 उजाडले.

माझी सवय: शोधयंत्रात वर आलेली प्रत कधीच उचलायची नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर पाच हजारांहून जास्त फोटो मूळ ओळींसह आहेत. तिथली टिफ फाइल उतरवायची, ‘एनसीएलसी’ने सुरू होणारा क्रमांक फाइलच्या नावातच ठेवायचा आणि ओळ आधी मराठीत लिहून काढायची. फोटो पानावर त्यानंतर लावायचा.