ब्रिटिश बीट संगीताच्या मूळ तबकड्या गोव्यात कशा शोधाव्यात, कशा ओळखाव्यात

गोव्यातील एखाद्या जुन्या घरी ब्रिटिश बीट संगीताच्या, म्हणजे साठीच्या दशकातील बीटल्ससारख्या बँडच्या गाण्यांच्या, रेकॉर्डांचा गठ्ठा समोर आला, की कव्हरावरील चेहऱ्यांत न रमता आधी तबकडी बाहेर काढावी आणि लेबलाच्या, म्हणजे मधल्या गोल कागदाच्या, कडेने छापलेली बारीक अक्षरे वाचावीत. एकाच गाण्याची तबकडी लंडनजवळच्या हेज येथे दाबलेली (साच्यात दाबून तयार केलेली) असू शकते, कोलकात्याजवळच्या डमडम येथे दाबलेली असू शकते किंवा पोर्तुगालहून आलेली असू शकते, आणि या तिन्ही वाटांनी आलेल्या तबकड्या गोव्याच्या कपाटांत शेजारीशेजारी सापडतात. आपल्याला यांपैकी काय हवे आहे, हे पैसे मोजण्यापूर्वी ठरवावे. संग्राहक 'मूळ' हा शब्द काटेकोर अर्थाने वापरतात: गाणे ज्या देशात प्रथम प्रसिद्ध झाले, त्या देशात, त्याच काळात, त्याच कंपनीने काढलेली पहिली आवृत्ती. दहा वर्षांनी पुन्हा दाबलेली तबकडी वाजायला कितीही चांगली असली, तरी ती या व्याख्येत बसत नाही.

ब्रिटिश तबकड्या गोव्यात आल्या त्या मुख्यतः तारवटींच्या, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्या गोवेकरांच्या, पेट्यांतून आणि नैरोबी, मोंबासा, कंपाला येथून परतलेल्या कुटुंबांच्या सामानातून. त्यामुळे लेबलावर शाईने लिहिलेले नाव किंवा कव्हराच्या पाठीवर पूर्व आफ्रिकेतील एखाद्या दुकानाचा जांभळा शिक्का दिसला, तर तो डाग समजून खोडू नये. तबकडी कोणत्या वाटेने आली, याचा तो पुरावा असतो. पोर्तुगालहून आलेल्या तबकड्या बहुधा सात इंची ईपी असतात, कारण तिकडे चार गाण्यांची, छायाचित्राचे कव्हर असलेली ईपीच अधिक खपत असे. पार्लोफोन या ब्रिटिश ब्रँडच्या अशा ईपींवर व्हालेंतिम द कार्व्हाल्यो हे पोर्तुगीज कंपनीचे नाव आढळते.

येथे एक तारीख लक्षात ठेवली, तर बऱ्याच भाकडकथा जागच्या जागी संपतात. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी आणि बीटल्सची पार्लोफोनवरील पहिली सिंगल (दोन गाण्यांची छोटी तबकडी) ब्रिटनमध्ये निघाली ५ ऑक्टोबर १९६२ रोजी. तेव्हा 'ही पोर्तुगीज अमदानीत आमच्या आजोबांनी पणजीत घेतलेली बीटल्सची रेकॉर्ड' असे कोणी कितीही प्रेमाने सांगितले, तरी ते मान डोलावून ऐकावे आणि किंमत मात्र लेबल पाहूनच ठरवावी. गायक क्लिफ रिचर्ड आणि त्याला साथ करणारा बँड शॅडोज यांची गोष्ट वेगळी आहे. क्लिफची पहिली सिंगल १९५८ ची आणि शॅडोजची गाजलेली 'अपाची' १९६० ची, दोन्ही कोलंबिया या ब्रिटिश ब्रँडवरच्या; त्या मुक्तीपूर्वी येथे पोचलेल्या असू शकतात. (क्लिफचा जन्म लखनौचा, १९४० चा, त्यामुळे जुनी मंडळी त्याला अजूनही आपल्यातलाच मानतात.)

आता लेबलाकडे वळू, कारण खरी परीक्षा तेथे होते. पार्लोफोन आणि कोलंबिया हे दोन्ही ब्रँड ज्याचे होते, त्या ईएमआय समूहाच्या ब्रिटिश सिंगल्सवर १९६२ च्या अखेरीपर्यंत पार्लोफोनचे लेबल लाल आणि कोलंबियाचे हिरवे असे. १९६३ च्या सुरुवातीला दोन्ही काळी झाली. म्हणून साठीच्या दशकातली 'लव्ह मी डू' ही बीटल्सची पहिली सिंगल लाल लेबलावर असेल तर ती पहिल्या खेपेची आणि काळ्या लेबलावर असेल तर नंतरची. बीटल्सची पहिली एलपी (पूर्ण आल्बमची मोठी तबकडी) 'प्लीज प्लीज मी' मार्च १९६३ मध्ये निघाली, तेव्हा तिच्या काळ्या लेबलावरील अक्षरे सोनेरी होती. काही आठवड्यांतच काळ्यावर पिवळी अक्षरे असलेले नवे लेबल आले आणि तेच १९६९ पर्यंत चालले. ट्यूबलाइटच्या उजेडात सोनेरी आणि पिवळे यांत भल्याभल्यांची फसगत होते. तबकडी वसरीवर आणून उन्हात किंचित तिरपी करावी. सोनेरी शाई धातूसारखी चमकून जाते, पिवळी जशीच्या तशी राहते. त्याच एलपीच्या अगदी सुरुवातीच्या प्रतींवर बीटल्सच्या स्वतःच्या गाण्यांखाली डिक जेम्स म्युझिक या संगीत प्रकाशन कंपनीचे नाव आहे, नंतरच्या प्रतींवर नॉर्दर्न साँग्जचे. त्या काळी बहुतेक लोक मोनो (एकाच ध्वनिवाहिनीच्या) प्रतीच घेत असत, त्यामुळे सोनेरी अक्षरांची स्टीरिओ प्रत फार विरळ आणि तितकीच महाग.

कडेच्या मजकुराची सुरुवात 'द पार्लोफोन कंपनी' अशी असेल, तर तबकडी साधारण १९६५ पूर्वीची. 'द ग्रामोफोन कंपनी' अशी असेल, तर त्यानंतरची. डेक्का या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीच्या एलपींवर मोनोसाठी लाल आणि स्टीरिओसाठी निळे लेबल असे, आणि डेक्का हे नाव चौकटीविना मोकळे छापलेले असेल तर प्रत साठीच्या दशकातली. चौकटीत बसवलेले नाव त्यानंतरचे. रोलिंग स्टोन्सच्या सुरुवातीच्या एलपी पाहताना एवढी एक खूण पुष्कळ काम भागवते. काही लेबलांवर मधल्या भोकाजवळ ठशाने उमटवलेली दोन अक्षरेही दिसतात. ती ब्रिटनमधील खरेदी कराची खूण आहे. तो कर १९७३ मध्ये रद्द झाला, म्हणजे ही खूण असलेली तबकडी त्याआधीची.

लेबल आणि शेवटच्या खाचेच्या मधल्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक वाचल्याशिवाय मोठी रक्कम कधीही देऊ नये. या क्रमांकाच्या शेवटचा आकडा त्या बाजूचे कटिंग, म्हणजे ध्वनिफितीवरून खाचा कोरण्याचे काम, कितवे आहे ते सांगतो. त्याचे महत्त्व पटण्यासाठी एकच उदाहरण पुरे आहे. ऑगस्ट १९६६ मध्ये निघालेल्या बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'च्या अगदी पहिल्या मोनो प्रतींवर दुसऱ्या बाजूचा क्रमांक एक्सईएक्स ६०६-१ असा आहे आणि त्यावरील शेवटच्या गाण्याचे ध्वनिमिश्रण पुढच्या सर्व प्रतींपेक्षा वेगळे आहे. लेबल तेच, कव्हर तेच, फरक फक्त त्या एका आकड्याचा. ईएमआयच्या तबकडीवर मॅट्रिक्स क्रमांक खाली, सहाच्या काट्यावर धरला, की डावीकडे नऊच्या जागी 'मदर'चा, म्हणजे जिच्यावरून दाबण्याचे साचे काढतात त्या धातूच्या प्रतीचा, आकडा आणि उजवीकडे तीनच्या जागी साच्याची अक्षरे दिसतात. ही अक्षरे म्हणजे कंपनीच्या नावावरून घेतलेली सांकेतिक अंकलिपी आहे: जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी म्हणजे शून्य. डावीकडे १ आणि उजवीकडे जीआर असेल, तर ती पहिल्या मदरवरून काढलेल्या बाराव्या साच्याची प्रत. डेक्काने याच कामासाठी 'बकिंगहॅम' या शब्दाची इंग्रजीतील दहा अक्षरे वापरली. अक्षरे इतकी पुसट असतात, की खिशात छोटे भिंग हवेच.

डमडमच्या तबकड्यांवर मॅट्रिक्स क्रमांक अनेकदा ब्रिटिशच असतो, कारण दाबण्यासाठी लागणारे धातूचे साचे इंग्लंडहून आलेल्या मालावरूनच तयार होत. म्हणून नुसता क्रमांक पाहून हुरळून जाऊ नये. लेबलावर 'मेड इन इंडिया' आहे का, ते पाहावे. मात्र भारतीय म्हणजे दुय्यम, हा समज मला मान्य नाही. ब्रिटनने ७८ गतीच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या १९६० च्या सुमारास बंद केल्या. आपल्याकडे वीज न पोचलेल्या गावांत चावीचे ग्रामोफोन चालूच होते, त्यामुळे बीटल्सची गाणी साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ७८ वर निघत राहिली. आज ब्रिटिश संग्राहक या भारतीय तबकड्यांसाठी चांगली किंमत मोजतात.

अशीच एक ७८ मला काही वर्षांपूर्वी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या घड्याळांच्या आणि पितळी समयांच्या गर्दीत मिळाली. घरी येऊन मी ती एलपींप्रमाणेच स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. कापूस पहिल्याच फेरीत काळा झाला, तेव्हा धूळ निघते आहे म्हणून मला समाधानच वाटले. वाळल्यावर पाहतो, तर अर्ध्या तबकडीची चकाकी जाऊन ती पाटीसारखी मळकट दिसत होती. ७८ ची तबकडी लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. तिच्यासाठी डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलावलेले मऊ कापड वापरावे आणि लगेच कोरडे करावे. व्हिनाइलला, म्हणजे एलपीच्या प्लॅस्टिकला, सौम्य अल्कोहोलचे मिश्रण चालते, लेबल मात्र दोन्हींत कोरडेच ठेवावे. ७८ वाजवताना सुईही निराळी लागते: सुमारे तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), कारण एलपीची एक मिलहून बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते.

तबकडीची अवस्था पाहताना ओरखड्यांइतकेच मधल्या भोकाकडे लक्ष द्यावे. भोकाभोवती लेबलावर बारीक करड्या रेषांचे जाळे असेल, तर ती तबकडी शेकडो वेळा रेडिओग्रामवर (रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र असलेल्या यंत्रावर) चढलेली आहे. जुन्या ऑटोचेंजरचा, म्हणजे तबकड्या आपोआप बदलणाऱ्या यंत्राचा, जड हात फिरून खाचा करड्या पडल्या असतील, तर कितीही धुतले तरी आवाजातली खरखर जात नाही. विक्रेत्यांच्या श्रेण्याही समजून घ्याव्यात: मिंट, एक्सलंट, व्हेरी गुड, गुड अशी ती उतरंड आहे आणि तिच्यातले 'गुड' म्हणजे आपण ज्याला सरळ खराब म्हणू ते. एकदा एका विक्रेत्याने मला पहिल्या आवृत्तीच्या कव्हरात सत्तरच्या दशकातली प्रत घालून पाठवली होती. साठीच्या दशकातील ब्रिटिश कव्हराची ओळख सोपी आहे, समोरच्या चकचकीत कागदाच्या पट्ट्या पाठीवर दुमडून चिकटवलेल्या असतात. पण कव्हर आणि तबकडी एकाच काळातली आहेत का, हे प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे तपासावे.

घरी जाऊन खरेदी करताना यजमानांच्या देखत घासाघीस करू नये आणि 'ही बाबांची आहे, ती द्यायची नाही' असे आंटीने सांगितले, तर तो विषय तेथेच सोडावा.

सर्वांत मोठा शत्रू आपला पावसाळा. व्हिनाइल कुजत नाही, पण त्यावर बुरशी धरते. कव्हराच्या पुठ्ठ्याला कसर आणि वाळवी लागते. आगोटीपूर्वी, म्हणजे मे महिन्यातच, तबकड्या बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटातून आतल्या भिंतीकडे हलवाव्यात, उभ्या आणि फार घट्ट न होतील अशा ठेवाव्यात आणि प्रत्येक कप्प्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या दर पंधरवड्याला बदलाव्यात. जुनी जाड पीव्हीसीची पिशवी काढून टाकावी, कारण तिच्यामुळे व्हिनाइलवर न पुसता येणारे धुके उतरते, पॉलिथीनची चालते. ईएमआयचे मूळ कागदी आतले कव्हर, ज्यावर एमिटेक्स कापडाची जाहिरात असते, ते फेकू नये. तबकडी नव्या पिशवीत ठेवावी आणि जुने कव्हर तिच्या मागे सरकवावे. बंद मोटारीत दुपारी तबकड्या ठेवल्या, तर तासाभरात त्यांना वाक येतो, हे पावसाळ्याइतकेच ध्यानात ठेवावे.

परदेशातून मागवताना तबकडी कव्हराच्या बाहेर काढून, दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून पाठवण्याची सूचना विक्रेत्याला लेखी द्यावी, नाहीतर प्रवासात तबकडीच्या कडेने कव्हराची शिवण फाटते. सीमाशुल्क केवळ मालाच्या किमतीवर नसते, टपालखर्च आणि विमा धरून होणाऱ्या रकमेवर ते लागते आणि त्यावर आयजीएसटीही असतो, म्हणून स्वस्तात मिळालेली सिंगल दारात येईपर्यंत दुप्पट किमतीची होऊ शकते; चार-पाच तबकड्या एकत्र मागवल्यास टपालखर्चाचा वाटा बराच कमी पडतो.