घराच्या विम्याचं रिन्यूअल आलं की

गेल्या महिन्यात एक तरुण जोडपं आमच्याकडे लंडनच्या हॅरोला जेवायला आलं होतं. पुण्याहून इकडे येऊन चार वर्षं झाली, घर घेऊन एक. बोलता बोलता तो म्हणाला, "ताई, विम्याचं रिन्यूअल आलंय. गेल्या वर्षी ३१८ पौंड होते, यंदा ४१२ म्हणतायत. पण आपोआप कट होणारेत, म्हणजे आपल्याला काही करायला नको." मी पोळ्या लाटत होते. गॅस बंद केला आणि त्याला सांगितलं, आधी ते पत्र काढ. जेवणानंतर दीड तास बसलो आणि तेवढ्याच कव्हरची पॉलिसी २७१ पौंडांत मिळाली. त्या दीड तासात त्याने जे प्रश्न विचारले, तेच प्रश्न महाराष्ट्र मंडळात भेटणारा प्रत्येक नवा घरवाला विचारतो. म्हणून एकदाच लिहून काढते आहे.

आपल्याकडे विमा म्हणजे एलआयसीचे काका. ते घरी येतात, चहा घेतात, फॉर्म तेच भरतात, हप्त्याची आठवणही तेच करतात. इथे काका नाहीत. फॉर्म आपणच भरायचा आणि त्यातल्या प्रत्येक उत्तराला आपणच बांधील. पॉलिसी विकताना इथली कंपनी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवते. तपासते ती क्लेम आल्यावर.

भाड्याच्या घरात असाल तर इमारतीचा विमा घरमालकाचा, तुम्हाला फक्त कंटेंट्सचा, म्हणजे घरातल्या सामानाचा लागतो. लीजहोल्ड, म्हणजे लांब मुदतीच्या पट्ट्याने फ्लॅट घेतला असेल तर इमारतीचा विमा बहुतेक फ्रीहोल्डर, म्हणजे इमारतीचा मूळ मालक काढतो आणि सर्व्हिस चार्जमधून तुमच्याकडून वसूल करतो, तेव्हा तोच विमा पुन्हा काढू नका. मॉर्गेज म्हणजे घरकर्ज देणारी बँक बिल्डिंग्जचा विमा हवाच म्हणते, पण तो तिच्याकडूनच घ्या अशी सक्ती नाही.

आता रिन्यूअलचं पत्र. ते साधारण तीन-चार आठवडे आधी येतं. गेल्या वर्षीचा आकडा त्यावर छापणं एप्रिल २०१७पासून बंधनकारक आहे, तो आधी बघा. १ जानेवारी २०२२पासून एफसीएचा, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या इथल्या संस्थेचा, आणखी एक नियम आहे: जुन्या गिऱ्हाइकाला रिन्यूअलचा भाव नव्या गिऱ्हाइकापेक्षा जास्त लावायचा नाही. हे ऐकून आपली माणसं निर्धास्त होतात. पण हा नियम त्या एका कंपनीपुरता आहे, आणि तुम्ही ज्या मार्गाने पॉलिसी घेतली त्याच मार्गाच्या भावापुरता. दुसरी कंपनी शंभर पौंड कमी घेत असेल तर ते शोधायचं काम तुमचंच.

भाव काढायला तीन आठवडे आधी बसा. आदल्या दिवशी काढलेला भाव मला जवळजवळ दरवेळी महाग पडला आहे. कम्पेअर द मार्केट, मनीसुपरमार्केट, गोकम्पेअर, कन्फ्यूज्ड या भावांची तुलना करणाऱ्या वेबसाइटींपैकी निदान दोन ठिकाणी बघा, कारण सगळ्या कंपन्या सगळीकडे नसतात. गेल्या वर्षीचं शेड्यूल, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाचा कागद, शेजारी उघडून ठेवा आणि तेच आकडे, तेच एक्सेस (क्लेममधली आपण स्वतः भरायची रक्कम) घाला. कमी भाव दिसला की तुमच्या सध्याच्या कंपनीला फोन करा. "मला अमुक ठिकाणी इतक्यात मिळतंय" एवढंच सांगायचं. मागच्या तीन वर्षांत दोनदा त्यांनी फोनवर भाव उतरवला. फोनवर भाव विचारायला आपल्या लोकांना संकोच का वाटतो मला कळत नाही. मंडईत गवारीला भाव करणारी माणसं आपण, इथे गोऱ्या माणसाचा आवाज ऐकला की "ओके, थँक यू" म्हणून फोन ठेवतो. त्या माणसाला हा फोन रोजचाच आहे आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

पैसे एकरकमी भरा. महिन्याचे हप्ते म्हणजे कर्ज आहे आणि त्यावर व्याज लागतं. क्रेडिट कार्डाच्या व्याजाशी बरोबरी करणारे दर मी पाहिले आहेत.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर "होम इन्शुरन्ससाठी बेस्ट कंपनी कोणती?" असं विचारू नका. रेडिंगच्या मैत्रिणीला जी स्वस्त पडली ती तुम्हाला सर्वांत महाग पडू शकते. प्रीमियम ठरतो पोस्टकोडवर, घराच्या वयावर, तुमच्या जुन्या क्लेमवर, जमिनीवर. आमच्याकडे हॅरोला खाली लंडन क्ले आहे. उन्हाळा कोरडा गेला की ही चिकणमाती आकसते, जवळच्या झाडांची मुळं पाणी ओढतात आणि भिंतींना तडे जातात, म्हणून सबसिडन्सचा (जमीन खचण्याचा) एक्सेस वेगळा आणि मोठा असतो, बहुतेक पॉलिसींत १,००० पौंड. नदीकाठी घर असेल तर पुराचा प्रश्न. त्यासाठी २०१६पासून फ्लड री ही योजना आहे, त्यामुळे पुराच्या भागातल्या घरांनाही आवाक्यातला विमा मिळतो, पण १ जानेवारी २००९नंतर बांधलेली घरं त्यात येत नाहीत. नवं चकचकीत घर नदीच्या बाजूला घेणाऱ्यांनी हे घर घ्यायच्या आधी बघावं.

प्रीमियम खरोखर कमी होतो तो आकडे बरोबर घातल्याने. बिल्डिंग्जच्या रकान्यात घराची बाजारातली किंमत लिहायची नसते. घर पार कोसळलं तर ढिगारा उचलून पुन्हा बांधायला किती लागेल तो आकडा लिहायचा. जमीन जळत नाही. जेवायला आलेल्या त्या मुलाने ५,४०,००० लिहिले होते, घर घेताना सर्व्हेच्या रिपोर्टमध्ये आकडा होता २,६५,०००. रिपोर्ट नसेल तर बांधकाम खर्चाचे आकडे ठेवणाऱ्या बीसीआयएसचा कॅल्क्युलेटर वापरा, साध्या विटांच्या घराला तो चालतो. मात्र एक्स्टेन्शन किंवा लॉफ्ट (छपराखालच्या माळ्याची खोली) केला असेल तर तोही धरा.

कंटेंट्सचं उलटं होतं. तिथे आपण कमी लिहितो. "आमच्याकडे आहे काय, एक सोफा नि टीव्ही" असं म्हणतो आणि २५,००० टाकतो. खोल्याखोल्यांतून फिरून लिहा. कपाटातल्या साड्या, मिक्सर, कुकर, पडदे, मुलांच्या सायकली, सगळं आजच्या भावाने नवं घ्यायला किती लागेल ते. ६०,०००चं सामान असून ३०,०००चा विमा असला तर १०,०००च्या नुकसानीला कंपनी ५,०००च देऊ शकते.

कुलूप नीट बघून उत्तर द्या. "फाइव्ह लिव्हर मॉर्टिस" (दाराच्या आत बसवलेलं पाच लिव्हरचं कुलूप) आहे का असं विचारलं की आपण हो म्हणतो. दार उघडून कडेच्या पितळी पट्टीवर बीएस ३६२१ हा ब्रिटिश मानकाचा क्रमांक कोरलंय का ते बघा. खोली भाड्याने दिली असेल तर सांगा. नव्याने आलेल्या ओळखीच्या मुलाला सहा महिने ठेवणं आपल्यात चांगुलपणाचं समजतात आणि ते आहेच, पण तो पैसे देत असेल तर कंपनीच्या दृष्टीने तो लॉजर आहे. २०१२च्या ग्राहक विमा कायद्याप्रमाणे उत्तर देताना तुम्ही वाजवी काळजी घ्यायची असते. निष्काळजीपणे चुकलात आणि खऱ्या उत्तराला प्रीमियम दुप्पट लागला असता, तर क्लेमचे अर्धेच पैसे द्यायची कंपनीला मुभा आहे. मुद्दाम खोटं लिहिलंत तर काहीच मिळत नाही.

आता माझी गोष्ट. ही मी प्रत्येकाला सांगते आणि सांगत राहणार.

२८ डिसेंबर २०११ला आम्ही नाशिकला गेलो. धाकट्या दिराचं लग्न होतं, मग कुलदैवत, मग माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. १२ फेब्रुवारीला परत आलो. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात इकडे कडाक्याची थंडी पडून गेली होती. हीथ्रोहून घरी आलो, दार ढकललं तर ते आतून कशालातरी अडत होतं. ओल्या प्लास्टरचा वास आला. लॉफ्टमधला पाइप गोठून फुटला होता आणि पाणी किती दिवस वाहत होतं देव जाणे. बेडरूमचं छत पलंगावर आलं होतं. पलंगाखालच्या पेटीत माझ्या लग्नाची पैठणी होती. तिचा जांभळा रंग खालच्या पांढऱ्या चादरीत उतरला होता आणि जरीचा पदर हातात घेतला तर पाणी निथळत होतं.

कंपनीचा माणूस तिसऱ्या दिवशी आला. सभ्य माणूस. त्याने एकच प्रश्न विचारला, "तुम्ही कधी गेलात आणि कधी आलात?" मी तारखा सांगितल्या. ४६ दिवस. पॉलिसीत लिहिलं होतं की घर सलग ३० दिवसांपेक्षा जास्त रिकामं असेल तर पाण्याच्या गळतीची भरपाई नाही. क्लेम नामंजूर. आम्ही तक्रार केली, मग फायनान्शियल ओम्बुड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे गेलो. तिथे फी लागत नाही, कंपनीच्या शेवटच्या उत्तरानंतर सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. निकाल आमच्या विरुद्ध गेला, कारण ती अट आम्हाला दिलेल्या कागदांत पहिल्याच पानावर स्पष्ट होती. साडेअकरा हजार पौंड खिशातून गेले. आणि ती पॉलिसी मी का घेतली होती? आधीच्या पॉलिसीत ६० दिवसांची मुभा होती, ही १९ पौंडांनी स्वस्त होती म्हणून.

इथली माणसं दोन आठवडे स्पेनला जातात, त्यांच्यासाठी ३० दिवस भरपूर. आपण जातो ते पाच-सहा आठवड्यांसाठी, आणि तेही ऐन डिसेंबरात. म्हणून भाव बघताना 'अनऑक्युपाइड' (रिकामं घर) हा शब्द शोधा आणि दिवस मोजा. ६० दिवसांची पॉलिसी घ्या. ती नसेल तर तिकीट काढायच्या आधी कंपनीला ईमेल करून तारखा कळवा आणि उत्तर जपून ठेवा. थंडीत हीटिंग किती अंशांवर ठेवायचं किंवा पाणी बंद करून टाकी रिकामी करायची, याचीही अट असते. मेन स्टॉपकॉक, म्हणजे घराचं पाणी बंद करायची चावी, कुठे आहे ते आज संध्याकाळी शोधा. आमचा सिंकखाली, डिटर्जंटच्या डब्याच्या मागे होता आणि सहा वर्षांत मी त्याला हात लावला नव्हता.

सोन्याचं दुसरं. पाटल्या, तोडे, मोहनमाळ, ठुशी हे इथल्या साध्या पॉलिसीत आपोआप पूर्ण येत नाही. एका वस्तूला मर्यादा असते, बऱ्याच ठिकाणी १,५०० पौंड, आणि सगळ्या मौल्यवान वस्तू मिळून वेगळी मर्यादा. त्याहून महाग वस्तू नावानिशी लिहावी लागते. "सोनं लिहिलं की प्रीमियम वाढतो, कशाला सांगायचं" असं सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांचं ऐकू नका. आशियाई घरांत सोनं असतं हे चोरांना माहीत आहे, दिवाळीच्या सुमारास पोलीस तसं बजावतातही. ज्या घरात चोरी होऊन विम्याचं काहीच हातात आलं नाही, अशी दोन घरं माझ्या ओळखीची आहेत. दादरच्या सराफाची जुनी पावती पुरत नाही. त्या भावात आज अर्धं तोळंही येत नाही. ईलिंग रोडवर किंवा साउथॉलला विम्यासाठी व्हॅल्युएशन करून देतात, ते दर दोन-तीन वर्षांनी करून घ्या. प्रत्येक दागिन्याचा फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. लग्नाला दागिने भारतात नेणार असाल तर घराबाहेरचं कव्हर, जगभर चालणारं, आणि किती दिवस, हे विचारा. बऱ्याच मोठ्या बँकांनी नवे लॉकर देणं बंद केलंय, खासगी व्हॉल्ट मिळतात, पण तिथे ठेवलं म्हणजे विमा झाला असं नाही. एप्रिल २०१५मध्ये लंडनच्या सराफ्यातला, हॅटन गार्डनचा व्हॉल्ट भिंतीला भोक पाडून फोडला होता.

एक्सेस १००वरून २५० केला तर प्रीमियम बऱ्यापैकी उतरतो, त्यापुढे फारसा नाही. गळतीचा एक्सेस वेगळा छापलेला असतो, तो बघा. होम इमर्जन्सी (तातडीची दुरुस्ती) आणि लीगल कव्हर (कायदेशीर खर्च) बँकेच्या खात्याबरोबर आधीच मिळत असेल तर पुन्हा घेऊ नका. जुने क्लेम पाच वर्षांचे विचारतात, ते लपवू नका, कंपन्यांकडे सामाईक नोंद असते.

नवी पॉलिसी घेतली की जुन्या कंपनीला ऑटो-रिन्यूअल बंद करायला सांगा, नाहीतर दोन्हीकडून पैसे कटतात. चुकून घेतली गेलीच तर १४ दिवसांत रद्द करता येते, झालेल्या दिवसांचे पैसे कापून बाकीचे परत मिळतात. नवी पॉलिसी जुनी संपते त्याच तारखेला सुरू करा, मध्ये एक रात्रही मोकळी नको, बँकेला ते चालत नाही.

यंदा आम्ही २० डिसेंबरला निघतोय, ३८ दिवसांसाठी. तारखांचा ईमेल गेलाय, किल्ली समोरच्या घरी दिली आहे, आणि तिथल्या आजी दर रविवारी येऊन लॉफ्टखालचं छत बघून मला फोटो पाठवणार आहेत.