बेटावरच्या साध्या रिसॉर्टमध्ये राहणार असाल तर हे आधी बघा

अशा ठिकाणी लाइट बऱ्याचदा जनरेटर किंवा सोलरवर असते, म्हणजे संध्याकाळचे काही तास पंखा फिरणार आणि मग मध्यरात्री बंद, त्यामुळे बुक करतानाच विचारा की लाइट किती ते किती असते. 20,000 एमएएचची पॉवर बँक घ्या, ती साधारण 74 वॉट-अवरची भरते म्हणजे विमानाच्या 100 वॉट-अवरच्या लिमिटमध्ये बसते, फक्त हँडबॅगेतच ठेवायची, चेक-इनमध्ये नाही.

रूममध्ये गेल्या गेल्या पहिलं काम मच्छरदाणीचं. टॉर्च मारून भोकं शोधा, दिसली की मेडिकल टेप दोन्ही बाजूंनी चिकटवा, आणि अंधार पडायच्या आत चारही कडा गादीखाली नीट खोचून टाका, नुसती लोंबती सोडली तर काही उपयोग नाही. विषुववृत्ताजवळ बऱ्याच ठिकाणी वर्षभर सहा-साडेसहाच्या सुमारासच सूर्य मावळतो आणि अंधार पण पटकन होतो, तेव्हा हे काम नंतरवर ढकलू नका. वाळूतल्या बारीक माश्या मात्र साध्या जाळीतून आरामात आत येतात आणि घोट्याला चावतात, त्यासाठी डीट किंवा पिकारिडिन हा घटक असलेलं रिपेलंट, म्हणजे अंगाला लावायचं कीटक पळवणारं औषध, लागतंच (सनस्क्रीन आधी, रिपेलंट नंतर).

कॅश सुट्टी ठेवा, कार्ड चालेलच असं नाही. आणि परतीचं विमान बोटीच्या दिवशीच अजिबात ठेवू नका, समुद्र खवळला की बोट रद्द होते आणि मग कोणाशीही भांडून फायदा नसतो, एक रात्र मेनलँडवर काढा.